'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय' म्हणून फोन आला तर काय करायचं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. मायक्रोसॉफ्ट, गुगल किंवा तुमची अँटीव्हायरस कंपनी, यातलं कोणीही स्वतःहून फोन करून 'तुमच्या पीसीत व्हायरस दिसतोय' असं सांगत नाही. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका दुकानातल्या एका पीसीसाठी फोन करत बसायला त्यांच्याकडे माणूस रिकामा नाही. तुम्ही न बोलवता मदतीला आलेला फोन असो, मेसेज असो की स्क्रीनवर उगवलेला पॉपअप असो, तो कट करायचा, आणि खरंच काही बिघडलंय का अशी शंका असेल तर नंबर आपण शोधून आपण फोन लावायचा. खाली जे लिहिलंय ते सगळे याचेच बारकावे. माझं काम रिपेरिंगचं, नवी पेठेत काउंटर आहे, त्यामुळे रोज हेच बघतो आणि रोज तेच तेच सांगून तोंड दुखतंय म्हणून एकदाचं लिहून काढलं.

स्क्रीन अडकली आणि भोंगा वाजतोय

ही केस सगळ्यात जास्त येते. फुकट पिक्चरची साईट उघडली, नाहीतर प्रिंटरचा ड्रायव्हर शोधत होतो, आणि एकदम अख्खी स्क्रीन निळी किंवा लाल झाली, भोंगा सुरू झाला, एक बाई इंग्लिशमध्ये बोलायला लागली की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमचा डेटा चोरीला चाललाय, या नंबरवर ताबडतोब फोन करा. माउस गायब, बटणं दाबून काही होत नाही, शेजारच्या काउंटरवरचे लोक वळून बघतात, आणि माणूस घाबरून फोन उचलतो. खरं तर अजून काहीच झालेलं नसतं. ते एक साधं वेबपेज असतं, फुल स्क्रीन करून ठेवलेलं, आणि तो भोंगा म्हणजे त्या पेजमध्ये वाजणारी ऑडिओ फाईल.

पहिलं काम आवाज म्यूट करा, कारण त्या आवाजात डोकं चालत नाही आणि तो आवाज त्याचसाठी असतो. मग एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन गेली की वरती फुलीचं चिन्ह दिसेल, टॅब बंद करा. नाही गेलं तर एफ ११ दाबून बघा, मग अल्ट आणि एफ ४ एकत्र. तरी ढिम्म असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप तिन्ही एकदम दाबायचे, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात क्रोम किंवा एज जे चालू असेल त्याच्यावर क्लिक करून 'एंड टास्क'. तेही जमत नसेल तर सरळ पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा आणि मशीन बंद करा. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्री चालू असेल तर शेवटचं व्हाउचर जाईल, जाऊ द्या. परत चालू केल्यावर ब्राउजर विचारेल की आधीची पेजेस रिस्टोर करू का, तिथं नाही म्हणायचं, हो म्हणालात की तोच भोंगा परत.

एक पक्की खूण लक्षात ठेवा. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवलंय. नंबर दिसला की तो पॉपअप खोटा, पुढं वाचायचीसुद्धा गरज नाही.

याचंच धाकटं भावंड म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली टुणकन येणारं नोटिफिकेशन, 'तुमचं अँटीव्हायरस संपलं, ५ व्हायरस सापडले'. लोक मशीन घेऊन येतात आणि म्हणतात व्हायरस काढून द्या, आणि आत बघितलं तर व्हायरस नसतोच. कधीतरी कुठल्यातरी साईटने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' म्हटलेलं असतं आणि यांनी अलाऊ दाबलेलं असतं, तेव्हापासून ती साईट रोज जाहिराती ढकलते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथं अलाऊच्या यादीत जी नावं ओळखीची नाहीत ती सगळी उडवा. पाच मिनिटांचं काम आहे, यासाठी कुणाला फॉरमॅटचे पैसे देऊ नका, मलापण नको.

पण याच 'रोबो नाही' मध्ये एक खतरनाक प्रकार आलाय, तो नीट वाचा. पेजवर लिहिलेलं असतं की खात्री करण्यासाठी कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. ऐकायला साधं वाटतं. होतं असं की पेजने आधीच गुपचूप एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं पेस्ट होईपर्यंत थांबतं ती जागा) कॉपी करून ठेवलेली असते, तुम्ही रनची खिडकी उघडून ती पेस्ट करता आणि एंटर मारून स्वतःच्या हाताने पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत घेता. तुम्ही स्वतः परवानगी दिल्यासारखं होतं म्हणून अँटीव्हायरससुद्धा कधीकधी गप्प बसतं. कुठलीही खरी वेबसाईट तुम्हाला विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही, कधीच नाही.

त्या नंबरवर फोन लावला की पुढं काय होतं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथल्या मुनीमकाकांचं सांगतो, कारण त्यांच्याइतकं बारकाईने हे सगळं दुसऱ्या कुणी मला सांगितलेलं नाही. गाडी भरून उभी होती, ई-वे बिल काढायचं होतं आणि प्रिंटर 'ऑफलाईन' दाखवत होता. काकांनी गुगलवर प्रिंटरच्या कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. वर आलेली ती जाहिरात होती, बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं ते कोण वाचतंय.

समोरचा हिंदीत एकदम अदबीने बोलणारा. त्याने एक ॲप टाकायला लावलं, त्यातला नंबर विचारून घेतला, काकांनी 'ॲक्सेप्ट' दाबलं आणि माउस आपोआप फिरायला लागला. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवलं, त्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण यांची ही लांब रांग. "ये सब वायरस है सर." आता हे तुम्ही तुमच्या मशीनवर आत्ता करून बघा. स्टार्टवर राईट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. तुमच्याकडेपण लाल फुल्या असतील, कालच शोरूममधून आणलेल्या लॅपटॉपवरपण असतात, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी विंडोज तिथं नोंद करतं. मग त्याने काळी खिडकी उघडून एक कमांड मारली, त्यात 'फॉरेन ॲड्रेस' असं लिहिलेला रकाना आला. "देखिए, फॉरेन से हॅकर बैठे हैं." त्या रकान्याचा अर्थ फक्त समोरच्या सर्व्हरचा पत्ता इतकाच, तुम्ही बँकेची साईट उघडली तरी तिथं नोंद दिसते. पण महिनाअखेरीच्या घाईत, गाडीवाला खाली हॉर्न मारतोय, तेव्हा हे कोणाला सुचणार.

मग आकडा आला. तीन वर्षांची सिक्युरिटी, आजच्या आज पैसे भरले तर सूट, आणि नेटबँकिंग उघडा. इथं काकांचा पन्नास वर्षांचा धंदा आडवा आला. ते म्हणाले, "पैसे देतो की, पण बिल पक्कं लागंल, मालक कच्च्या बिलावर पैसे सोडत नाय. जीएसटी नंबर सांगा आधी." समोरचा म्हणाला मेल पे आएगा. काका म्हणाले मेल नको, आत्ता सांगा, मी लिहून घेतो. त्याने काहीतरी दहा-बारा आकडे सांगितले. काकांनी पेनाने मोजले आणि म्हणाले, "पंधरा पाहिजेत. आन् सुरुवातीला राज्याचा कोड कुठाय?" त्यावर त्याने शिव्या द्यायला सुरुवात केली, स्क्रीन काळी केली, आणि काकांनी शेवटी लॅनची, म्हणजे इंटरनेटची, वायर उपटली. पैसे वाचले. गाडी संध्याकाळी गेली.

ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगतो. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. भामटा इथं अडकतो, निदान चिडतो, आणि चिडला की आपल्याला कळतं.

नेटबँकिंग उघडलं असतं तर पुढची पायरी ठरलेली. 'सॉरी सर, तुमचं काम झालं नाही, रिफंड देतो' म्हणून तो तुमच्यासमोर बँकेच्या पेजवरचा आकडा बदलून दाखवतो. फक्त दाखवतो, खात्यात काही येत नाही, ब्राउजरमध्ये कुठल्याही पेजवरचं अक्षर तात्पुरतं बदलता येतं. पाच हजाराऐवजी चुकून पन्नास हजार गेले, माझी नोकरी जाईल, वरचे परत पाठवा, असं रडगाणं लावतो, आणि तुम्ही पाठवता ते मात्र खरे पैसे असतात. हे सगळं स्क्रिप्ट बघून चालतं आणि यातले बरेच अड्डे आपल्या देशातच आहेत. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला धाड टाकली तेव्हा तिथून अमेरिकेतल्या लोकांना टॅक्स ऑफिसच्या नावाने धमकावायचं काम चाललेलं होतं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र २' केलं त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून खोट्या टेक सपोर्टवाल्यांवर कारवाई झाली.

एनीडेस्क वाईट आहे का मग?

नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही दुसऱ्याचं मशीन लांबून चालवायची (काकांना टाकायला लावलं तसली) सरळ कामाची सॉफ्टवेअरं आहेत, तुमचा टॅलीवाला यानेच अपडेट करून देतो, मीपण जुळे सोलापूरला उन्हातान्हात जायच्या ऐवजी यानेच काम उरकतो. फोन कोणी लावला हे बघायचं. तुम्ही ओळखीच्या माणसाला, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन केला असेल तर ॲक्सेस द्या, पण द्यायच्या आधी बँकेची, मेलची, व्हॉट्सॲप वेबची सगळी पेजेस बंद करा, तो काम करतोय तोपर्यंत समोर बसा, चहाला जाऊ नका, आणि झालं की ॲप बंद करा. 'कायमचा पासवर्ड सेट करून ठेवतो म्हणजे दरवेळी विचारायला नको' असं तुमचा माणूस म्हणाला तरी नाही म्हणा. तुमचा माणूस चांगला असेल हो, पण त्याचा मोबाईल हरवला तर?

मोबाईलमध्ये मात्र कोणाच्याही सांगण्यावरून असलं ॲप टाकू नका. पीसीवर निदान ओटीपी मोबाईलला येतो, मोबाईलची स्क्रीनच दिसायला लागली तर ओटीपीपण त्यालाच दिसतो.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवरून घ्यायचा नाही. बँकेचा कार्डच्या मागं असतो, पासबुकवर असतो. लॅपटॉपचा खोक्यावर नाहीतर वॉरंटी कार्डवर. ॲपचा त्याच ॲपच्या 'हेल्प'मध्ये. बँकेच्या साईटसाठी आता आणखी एक खूण आहे, रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर जायला लावलंय, त्यामुळे पत्त्याच्या शेवटी ते आहे का बघा.

अँटीव्हायरस घ्यायचं की नाही

हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच असतं, फुकट, आणि घरगुती वापराला पुरतं. माझ्याकडे विकायला अँटीव्हायरसचे खोके आहेत तरी मी हे सांगतोय. विकतचं कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे दिवसभर दहा लोकांचे पेनड्राईव्ह लागतात, झेरॉक्सवाले, फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओ, किंवा ऑफिसात पाच-सात मशीन आहेत आणि पोरं काय उघडतील सांगता येत नाही, त्यांनी घ्यावं. क्विक हील आपल्या पुण्याची कंपनी, दुकानातून बिल करून घ्या आणि की तुमच्याच मेल आयडीवर, तुमच्याच मोबाईल नंबरवर रजिस्टर करा. दुकानदाराच्या नंबरवर रजिस्टर झालं की रिन्यूअलला तुम्ही त्याच्या ताब्यात.

दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नका. डबल सिक्युरिटी होत नाही, दोघं एकमेकांच्या फायली तपासत बसतात आणि मशीन रडतं. दुसरं टाकलं की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, आणि त्या दुसऱ्याची मुदत संपली की लोक ते तसंच ठेवतात. नवीन लॅपटॉपबरोबर महिनाभराचं ट्रायल येतं ना, त्याचं हेच. संपलं तर काढून टाका, मग विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी टिक दिसते का बघा.

अँटीव्हायरसपेक्षा मोठी भानगड आहे क्रॅकची. चोरीचं विंडोज, चोरीचं फोटोशॉप, चोरीचं कोरल, आणि त्याच्याबरोबरच्या नोटपॅडमध्ये पहिली ओळ असते, 'आधी अँटीव्हायरस बंद करा'. म्हणजे चोर सांगतोय कडी काढून ठेव आणि आपण काढून ठेवतो. वर परत डिफेंडर बेकार आहे म्हणून बोंब. आमच्या धंद्यातले काही लोक फॉरमॅट मारताना विंडोज असंच ॲक्टिव्हेट करून देतात, तुम्ही विचारा की लायसन्स कुठलंय, उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

विंडोज १० वाल्यांनी हे पण ऐका, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय. मशीन बंद पडत नाही, पण नवीन भोकं बुजवणं थांबलं. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल असेल तर बहुतेक करून ११ फुकट टाकता येतं. त्याहून जुनं असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन जादाच्या मुदतीला नाव नोंदवा, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ७ वर अजून टॅली चालवताय? चालवा, पण त्याची इंटरनेटची वायर काढून.

पेनड्राईव्हचं थोडक्यात. कॉलेजजवळच्या प्रिंटवाल्याकडून आल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झाले तर त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, तोच व्हायरस. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'ला टिक करा, बऱ्याचदा खरे फोल्डर नुसते लपवलेले असतात. स्कॅन करून आपलं सामान दुसरीकडं काढा आणि पेनड्राईव्ह फॉरमॅट करा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं टूल फुकट मिळतं, बॉट (मशीन गुपचूप दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) काढायची टूल्सपण आहेत. आणि प्रिंटला द्यायची पीडीएफ पेनड्राईव्हऐवजी मेल केली तर हा विषयच संपतो.

बॅकअप. एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला टॅलीचा डेटा आणि फोटो कॉपी करा, आणि कॉपी झाली की वायर काढा. लावून ठेवलेली डिस्क बॅकअप नसते, रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर तीपण लॉक करतं.

आता फोनवरचे प्रकार

सगळे लिहित बसलो तर रात्र होईल, सोलापुरात जे चालतात तेवढेच.

लाईट बिलवाला. 'मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कट होईल, या ऑफिसरला फोन करा' आणि खाली दहा आकडी मोबाईल नंबर. महावितरण असा कोणाच्या खाजगी मोबाईलवर फोन करायला सांगत नाही. त्यांचा एसएमएस एमएसईडीसीएल या नावाने येतो, शंका असेल तर १९१२ ला लावा. ऐन उन्हाळ्यात, ४२-४३ डिग्रीत कूलर बंद पडायची भीती दाखवली की भले भले फसतात, तो मेसेज एप्रिल-मेमध्ये पाठवणाऱ्याला सोलापूर बरोबर कळलंय.

चादर-टॉवेलवाल्यांना येणारा फौजीचा फोन. हा जरा सविस्तर सांगतो. समोरचा म्हणतो मी आर्मीतून बोलतोय, कॅम्पसाठी दोनशे चादरी पाहिजेत, भाव पण करत नाही, इथंच खरं तर शंका यायला पाहिजे. व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड, कँटीनचं कार्ड पाठवतो. माल पॅक करून घेतो, टेम्पो पाठवतो म्हणतो. मग पेमेंटच्या वेळी म्हणतो आमच्यात सिस्टीम वेगळी आहे, आधी तुम्ही ५ रुपये टाका, मी १० परत पाठवतो, आणि खरंच पाठवतो. मग एक क्यूआर कोड पाठवतो, हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पूर्ण पेमेंट तुमच्या खात्यात येईल. येत नाही, जातं. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना आणि बॅलन्स बघताना लागतो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कितीही गणवेशातला फोटो असो.

एपीकेवाला. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन, पीएम किसान, व्हॉट्सॲपवर फाईल येते आणि नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं, म्हणजे ती अँड्रॉइड ॲपची फाईल. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ, पत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचा फोन आधीच गेलेला असेल. टाकलंच गेलं असेल तर लगेच डेटा आणि वायफाय बंद, ॲप काढा, नाही निघालं तर फोन रिसेट, आणि तोपर्यंत दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगा.

डिजिटल अरेस्ट. कायद्यात असलं काही नाहीच. पोलीस, सीबीआय, ईडी कोणी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पण हेच सांगितलं. फोन ठेवा.

बँकेचा सेवेचा खरा फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावा असा नियम आलाय, जाहिरातीचा १४० ने. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं, सरकारी असेल तर जी, जाहिरात असेल तर पी. सवयीने नजर टाकत जा. पैसे गेले नाहीत, नुसता असा फोन आला तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी या साईटवर किंवा ॲपवर 'चक्षू' मध्ये त्याची तक्रार टाकता येते, आणि तिथंच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हेपण बघता येतं. ते एकदा बघाच, काही जणांना तिथं अनोळखी नंबर सापडतात.

पैसे गेले तर, क्रमाने

रडायला, घरी सांगायला, शेजाऱ्याला विचारायला नंतर वेळ आहे. आधी मशीनचं इंटरनेट तोडा. मग १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे, दुसऱ्या फोनवरून. लागला नाही तर लावत रहा आणि तोपर्यंत दुसऱ्या माणसाला बँकेचा नंबर लावायला बसवा, कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. घाई एवढ्यासाठी की तुमचे पैसे पहिल्या खात्यात थोडाच वेळ थांबतात, मग दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात आणि शेवटी एटीएममधून बाहेर. १९३० वर नोंद झाली की त्या साखळीतल्या बँकांना निरोप जातो आणि जिथं सापडतील तिथं पैसे रोखून धरतात. बाहेर पडलेले पैसे कोणीच रोखू शकत नाही.

जवळ काय ठेवायचं: खाते नंबर, किती वाजता किती गेले, आणि बँकेच्या मेसेजमधला १२ आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक. फोनवर नोंद केली तरी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार भरा, पावती क्रमांक जपून ठेवा. भामट्याचा चॅट डिलीट करू नका, लोक लाजेपोटी आधी तेच करतात. मग बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या कॉपीवर शिक्का घ्या. काउंटरवरचा म्हणेल 'फोन केलाय ना मग कशाला', तरी घ्या.

शिक्क्याचं कारण असं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात हा नियम आणला. त्यात चूक तुमची नसेल, बँकेचीपण नसेल, मधल्याच कुठल्या भानगडीत पैसे गेले असतील आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार शून्य. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून किती वाजता कळवलं याचा कागद लागतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टोलवाटोलवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फुकट आहे, वकील लागत नाही.

आणि काही दिवसांनी परत फोन येईल. 'आम्ही सायबर सेलमधून, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायची फी भरा.' तेच लोक असतात, किंवा त्यांनी तुमचा नंबर ज्यांना विकला ते.

मशीन साफ करायला दुकानात आणताना

भामटा आत येऊन गेलेलं मशीन नुसतं ॲप काढून साफ झालं असं धरू नका. घरी करता येईल तेवढं असं: सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेनुसार लावा, त्या दिवशी जे जे आलंय ते काढा. विंडोज सिक्युरिटीत 'ऑफलाईन स्कॅन' आहे तो चालवा, मशीन बंद होऊन वेगळ्या निळ्या स्क्रीनवर स्कॅन होतं, घाबरू नका, तो खरा आहे. पासवर्ड बदला पण दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून, आधी जीमेलचा, मग बँकेचा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' उघडून बघा, तिथं कोणी तुमचे मेल दुसरीकडे वळवून ठेवलेत का, हे बहुतेक लोक बघतच नाहीत.

अर्धा तास-तासभर तो आत असेल तर मात्र मी फॉरमॅटच सुचवतो. दुकानात देताना पावतीवर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, कुठला डेटा ठेवायचाय ते फोल्डरच्या नावासकट सांगा, 'सगळं ठेवा' म्हणू नका कारण त्या 'सगळ्या'त तो प्रोग्रामपण येतो. हार्ड डिस्क बदलली तर जुनी परत मागा, ती तुमची आहे आणि तिच्यात तुमचं आधार, पॅन, फोटो सगळं आहे. ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आधी काढून टाका. मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी.

ज्यांची पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीला आणि आईवडील इथं एकटे, त्यांनी दिवाळीला आलात की दहा मिनिटं काढा. वडिलांच्या पीसीवर त्यांचं रोजचं अकाउंट 'स्टँडर्ड' करा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, म्हणजे विंडोजमध्ये काही इन्स्टॉल करायची वेळ आली की तो पासवर्ड मागेल आणि ते तुम्हाला फोन करतील. काही रिमोटची ॲप्स नुसती डाउनलोड करूनपण चालतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका, तोंडीपण सांगा. फोनमध्ये 'अननोन ॲप्स' इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल्स सगळ्यांची बंद करा, व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा. आणि मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा, मोठ्या अक्षरात, वर तुमचा नंबर, त्याखाली १९३०, त्याखाली बँकेच्या कार्डामागचा नंबर. सेलोटेप दोन्ही बाजूंनी लावा, पंख्याच्या वाऱ्याने उडते.